पूड तीच, चव वेगळी का? रोजच्या चहांची घरच्या घरी तुलना करण्याची पद्धत

खानापूरच्या मावशीकडं प्यालेला चहा आवडतो. पूड कुठली ते विचारून घेतो, बेळगावात येऊन तेच पाकीट शोधून आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळे म्हणतात, "हे काय, नुसतं पाणीच की!" मग दोष पुडीला. महिन्याभरात तिसरं पाकीट येतं. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत फडताळात अशी दोन-तीन अर्धी पाकिटं चिमटे लावून पडलेली आहेत.

मावशीकडं विहिरीचं पाणी होतं, म्हशीचं दूध होतं आणि तिचा चमचा आपल्या दीड चमच्याएवढा होता. आपण जोखलं ते तिचं स्वयंपाकघर. पूड जोखायची राहूनच गेली. खालची पद्धत त्यासाठी आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि क्रम मोडायचा नाही: आधी कोरा, मग दुधाचा, मग रोजच्या पद्धतीचा. बहुतेक जण थेट शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात, तिथंच घोळ होतो.

सगळ्याला मिळून दीडेक तास लागतो. रविवारची सकाळ बरी.

टप्पा १: समोर कुठले चहा ठेवायचे

चारच ठेवा. पाचव्या-सहाव्या पेल्यापर्यंत जिभेवर इतका तुरटपणा साठतो, की पुढचं सगळं सारखंच लागतं.

माझी निवड अशी असते: घरात सध्या चालू असलेली पूड, एक दाणेदार, एक बारीक डस्ट, आणि रविवार पेठेत किंवा गावच्या बाजारात मिळते तसली एक सुटी पूड. सीमाभागात राहण्याचा इथं फायदाच आहे. महाराष्ट्राकडची दाणेदार पुडीची सवय आणि खाली बंगळूरकडची डस्टची सवय, दोन्ही आपल्याकडच्या दुकानांत शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात.

डस्ट म्हणजे झाडून काढलेली धूळ, हा समज आधी काढून टाका. कारखान्यात चहा चाळला जातो तेव्हा दाण्याच्या आकारावरून प्रती पडतात, त्यातली सगळ्यात बारीक ती डस्ट. दाणेदार पूड आणि डस्ट बहुतेक वेळा एकाच सीटीसी पद्धतीनं, म्हणजे दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून केलेल्या असतात. डस्ट चांगली असते, वाईटही असते. फरक एवढाच, की दाणा जितका बारीक तितका पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त, आणि रंग-कडकपणा तितका लवकर उतरतो.

पाकिटावर 'आसाम' लिहिलं असेल तर साधारण दाट, भरीव चहाची अपेक्षा धरा. निलगिरीचा चहा अंगानं हलका आणि वासानं मोकळा. पण रोजच्या वापरातली बहुतेक पाकिटं मिश्रणंच असतात, आणि मोठ्या कंपन्या राज्याराज्यांतल्या आवडीप्रमाणे वेगवेगळी मिश्रणं बांधतात. म्हणून निपाणीत घेतलेलं आणि पलीकडं कागलला घेतलेलं पाकीट एकाच नावाचं असलं, तरी आतला माल एकच आहे असं धरून चालू नका. 'नाव तेच, चव वेगळी' ही आपल्याकडची तक्रार दर वेळी मनाची नसते. शंका असेल तर दोन्ही पाकिटं या रांगेत ठेवा, एक तासात निकाल लागेल.

ग्रीन टी आणि दार्जिलिंग या रांगेत घुसवायचे नाहीत. त्यांना पाणी वेगळं, वेळ वेगळा. त्यांच्याविषयी पुढं थोडं आहे.

*तपासून बघा:* चारही पाकिटांवरची पॅकिंगची तारीख बघितली का? आठ महिने उघडं पडलेलं पाकीट आणि काल फोडलेलं पाकीट यांची कुस्ती लावू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात, त्यातून खानापूर-जांबोटीच्या बाजूला, चिमटा लावलेलं पाकीट महिन्याभरात सादळतं. चहापूड ओल ओढते तसा वासही ओढते. मसाल्याच्या डब्यांत ठेवलेल्या पाकिटाला निकालात स्थान नाही. एका दिवाळीत मी एका पुडीला 'वेलदोड्याचा नैसर्गिक वास' असं प्रशस्तिपत्रक देऊन बसलो होतो. वेलदोडे शेजारच्या बरणीत होते.

टप्पा २: भांडी आणि काटा

लागणारं सामान:

- एकाच मापाचे, एकाच जाडीचे पाच पांढरे चिनी मातीचे मग, गाळून घ्यायला आणखी तेवढेच, आणि झाकायला बशा
- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा
- मापाचा पेला (औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसला नको, १०० मिलीचा हवा)
- बारीक जाळीची गाळणी
- मोबाइलमधलं घड्याळ
- मोठा चमचा, साधं पाणी, थुंकायला एक वाटी

स्टीलचे पेले वापरू नका, रंग कळत नाही. काचेचे चालतील, पण खाली पांढरा कागद ठेवा.

काट्याला पर्याय नाही. चमच्यानं मोजणं ही या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे. डस्ट चमच्यात गच्च बसते, दाणेदार पुडीत हवा राहते, सुट्या लांब पानाची तर गोष्टच सोडा. 'दोन्हीचा एकेक चमचा घातला, डस्ट कडक झाली' असं कुणी सांगितलं, तर त्यानं डस्ट जास्त घातली होती एवढंच सिद्ध होतं.

*इशारा:* काटा ओट्यावर सपाट जागी ठेवा आणि पंखा बंद करा. दोन ग्रॅमच्या वजनाला वाऱ्यानंसुद्धा फरक पडतो.

टप्पा ३: पाणी

दुधाच्या चहात निम्म्याहून जास्त, आणि कोऱ्या चहात तर जवळजवळ सगळं, पाणीच असतं. तरी त्याच्याकडं कुणी बघत नाही.

बेळगाव शहरात नळाला राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी येतं. आसपासच्या गावांत, आणि शहरातही नळ न आलेल्या दिवशी, विहीर किंवा बोअर. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार चहातल्या तुरट द्रव्यांशी मिळून वर पातळ साय धरतात, जी कपाच्या कडेला तपकिरी रेघ सोडते. रंग मळकट पडतो आणि चहाची धार बोथट होते. कोऱ्या चहावर तेलासारखा तवंग दिसला की लोक पुडीत भेसळ आहे म्हणतात. आधी पाणी बदलून बघा. त्या कपात लिंबाचा एक थेंब टाका. तवंग विरला आणि रंग उजळला, तर दोष पाण्याचा.

उलट टोकाला फिल्टरचं आरओ पाणी. क्षार फार कमी, त्यामुळं रंग लखलखीत आणि तुरटपणा जरा टोकदार. दोन्हीपैकी काय 'बरोबर' हा प्रश्नच नाही. ज्या पाण्यात रोज चहा करता, त्याच पाण्यात तुलना करा, आणि सगळ्या मगांचं पाणी एकाच भांड्यातून घ्या. अर्धं नळाचं, अर्धं माठातलं असं करू नका.

दुसरी गोष्ट उकळीची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथं पाणी १०० अंशांना न उकळता साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. फरक छोटा आहे, त्यानं चहा बिघडत नाही. पण आधीच अडीच अंश कमी असताना थंड मगात पाणी ओतून आणखी दहा अंश घालवणं परवडत नाही. थंडीत, डिसेंबरच्या सकाळी, हे विशेष जाणवतं. म्हणून मग आधी उकळत्या पाण्यानं भरून अर्धा मिनिट ठेवायचे आणि ओतून टाकायचे.

*तपासून बघा:* 'उकळी' म्हणजे तळाला चिकटलेले बुडबुडे नव्हेत. पाणी खळखळून वर-खाली व्हायला हवं.

टप्पा ४: कोरडी पूड बघा

पांढऱ्या कागदावर प्रत्येकी चमचाभर पूड पसरा. दाणे एकसारखे आहेत की चार आकारांचे मिसळलेले? एकाच पुडीत मोठे दाणे आणि भुगा असेल, तर भुगा आधी उतरून कडवट होतो आणि मोठे दाणे अजून जागेच होत असतात. अशी पूड कधी कडक, कधी फिकी लागते, कारण डब्यातला वरचा भाग वेगळा आणि तळाचा वेगळा. काळपट-तपकिरी रंग चांगला. राखाडी पडलेली पूड फार घासली गेलेली किंवा जुनी असते. तांबूस काड्या आणि तंतू जास्त दिसले तर तेवढी पूड वजनाला आहे, चवीला नाही.

सुटी पूड घेत असाल तर दोन चाचण्या इथंच उरका:

१. ओल्या टिपकागदावर चिमूटभर पूड पसरून वर पाण्याचे काही थेंब शिंपडा. थोड्या वेळानं पूड नळाखाली धुऊन काढा आणि कागद उजेडात धरा. वरून रंग दिलेली पूड असेल तर कागदावर ठळक डाग राहतात.

२. पुडीवरून चुंबक फिरवा. सीटीसीच्या रुळांच्या झिजेमुळं एखाद-दुसरा लोखंडाचा कण लागू शकतो. कायद्यानंही ठरावीक मर्यादेपर्यंत मुभा आहे. पण चुंबकाला मिशा फुटल्या, तर ती पूड परत करा.

थंड पाण्यात पूड टाकून 'बघा रंग सुटला, म्हणजे नकली' असं सांगणारे बरेच भेटतात. बारीक डस्ट थंड पाण्यातही हळूहळू रंग सोडतेच. टाकल्या क्षणी पाणी लाल झालं, तरच संशय घ्या.

टप्पा ५: पहिली फेरी, कोरा चहा

चहा चाखणारे व्यावसायिक तुलनेसाठी एक ठरलेलं प्रमाण वापरतात, आयएसओ ३१०३ या मानकात ते दिलेलं आहे: १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा, ताजं उकळतं पाणी, ६ मिनिटं. हे प्रमाण पिण्यासाठी नाही, दोष उघडे पाडण्यासाठी आहे. चहा कडक आणि तुरट लागेल, लागू दे.

१. मगांच्या बुडाला १ ते ५ आकडे लिहा. कुठल्या आकड्यात कुठली पूड, हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं आणि कागदावर लिहून दडवायचं.

२. त्याच माणसानं प्रत्येक मगात २ ग्रॅम पूड मोजून घालायची. एक पाचवा मग घ्या, त्यात या चारांतलीच एक पूड पुन्हा घाला. हा मग कशासाठी ते पुढं.

३. पाणी खळखळलं की प्रत्येकात १०० मिली. पहिल्या आणि शेवटच्या मगात अंतर पडतंच, म्हणून ज्या क्रमानं ओतलं त्याच क्रमानं गाळा.

४. बशा झाका. ६ मिनिटं. मध्ये ढवळायचं नाही, झाकण काढून डोकावायचं नाही.

५. दुसऱ्या गरम मगांत गाळा. चोथा दाबून पिळू नका, पिळलं की कडवटपणा उतरतो. चोथा बशीत उलटा करून ठेवा.

आमच्या घरी पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा मामी दारात उभी राहून बघत होती. "चहा करायलास काय औषध?" म्हणाली. नंतर तिनंच सगळ्यात अचूक ओळखले.

*इशारा:* ६ मिनिटं सगळ्यांना सारखीच. 'डस्ट लवकर उतरते म्हणून तिला ३ मिनिटंच देऊ' अशी दया इथं दाखवू नका. ती तिसऱ्या फेरीत दाखवायची.

टप्पा ६: चाखायचं कसं

गाळल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. भाजणाऱ्या चहाची चव लागत नाही, फक्त भाजतं.

आधी चोथा बघा आणि हुंगा. तांब्याच्या भांड्यासारखा उजळ तांबूस चोथा चांगला, काळा-हिरवट मळका चोथा तितकासा नाही. मग रंग: गडदपणा बघू नका, चमक बघा. आपल्याकडं 'काळा म्हणजे कडक' ही फूटपट्टी घराघरांत आहे आणि ती चुकीची आहे. चिमूटभर खायचा सोडा टाकला की कुठलाही चहा काळाभोर होतो; काही टपऱ्यांवर तेच चालतं. चहातला उजळ नारिंगीपणा आणि जिभेवरची तरतरी थिओफ्लेविन या द्रव्यांमुळं येते, गडद तपकिरी रंग आणि अंग थिओरुबिजिनमुळं. दोन्ही हवीत. नुसता गडद आणि निस्तेज चहा म्हणजे दुसरं आहे, पहिलं नाही.

आता चमच्यानं घ्या आणि आवाज करत जोरात ओढा, बशीतून फुर्रकन पितात तसा. लाजायचं कारण नाही, व्यावसायिकही असाच ओढतात. हवेबरोबर वास नाकात चढतो. तोंडात फिरवा आणि थुंका. दर मगानंतर साध्या पाण्याची चूळ.

शब्दांची गफलत इथं फार होते, म्हणून चारच शब्द पक्के करा:

तुरट: ही चव कमी आणि स्पर्श जास्त. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते तसं. थोडा तुरटपणा हवाच.

कडू: कारलं. जिभेच्या मागं रेंगाळतं. 'कडक' म्हणून कौतुक होतं ते पुष्कळदा या कडूचंच.

भरीव: तोंडात जाडी जाणवते. ताक आणि पाणी यांत जो फरक, तो.

तरतरीत: घोट गेल्यावर तोंड स्वच्छ, जागं झाल्यासारखं वाटतं. हे नसेल तर चहा मेलेला.

वासासाठी आपल्या घरातल्या वस्तू आठवा. चांगल्या आसाम चहाच्या ज्या वासाला माल्टचा वास म्हणतात, तो नाचणीचं पीठ भाजताना येणाऱ्या वासाच्या जवळचा आहे. चुलीचा धूर, ओलं गोणपाट, जुनी वही असे वास आले तर तसेच लिहा. इंग्रजी पाकिटावरचे शब्द उसने आणू नका, ते विक्रीचे शब्द असतात.

चहा गार झाल्यावर एखादा मग गढूळ, दुधाळ दिसायला लागेल. तो बिघडलेला नाही. भरपूर थिओफ्लेविन आणि कॅफीन असलेल्या चहात ती दोन गार पाण्यात एकत्र येऊन असं होतं. मी तर त्या मगाला एक गुण जास्त देतो.

*तपासून बघा:* आता पाचवा मग. त्याचा जुळा कुठला, ते सांगा. जुळ्या मगांना तुम्ही एकाला 'उत्तम' आणि दुसऱ्याला 'बेकार' लिहिलं असेल, तर बाकीचा सगळा निकालही बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत करा. मी पहिल्यांदा सपशेल आपटलो. वर्षभर जिची बढाई मारत होतो ती पूड मी दोनदा चाखली, आणि दोन वेगवेगळ्या जागी टाकली: पहिली आणि चौथी.

कारण साधं होतं. आदल्या तासाला लसणीच्या चटणीबरोबर भाकरी झाली होती. चाखण्याआधी तासभर तिखट, पान, तंबाखू, टूथपेस्ट काही नको.

टप्पा ७: दुसरी फेरी, दूध

कोऱ्यात जिंकलेली पूड दुधात हरते, हे नवशिक्यांना पटत नाही. पण रोज पिणार आहात दुधाचा, तेव्हा निकाल इथं लागतो.

दुधातली केसीन प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात. म्हणून कोरा असताना जीभ ओढणारा आसाम दुधात गोल, भरदार होतो. आणि कोरा असताना सुरेख वाटलेला हलका चहा दुधात बुडून जातो, कपात गरम रंगीत दूध उरतं. दार्जिलिंगमध्ये दूध घालून 'एवढ्या पैशांत हे काय' म्हणणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा.

१. पहिल्या फेरीसारखाच ताजा चहा करा, तेच प्रमाण, तीच ६ मिनिटं. पहिल्या फेरीतला गार चहा परत गरम करून वापरू नका.

२. एकाच पातेल्यात दूध तापवा, साय काढा, ढवळा. प्रत्येक ८० मिली गाळलेल्या चहात २० मिली गरम दूध. साखर नाही.

३. आधी रंग बघा. उजळ, तांबूस-नारिंगी झाला तर पूड दुधाला तयार आहे. राखाडी झाक आली तर नाही, मग कोरा कितीही काळा दिसलेला असो.

दूध कुठलं, ते कागदावर लिहा. नंदिनीच्या निळ्या पाकिटातल्या टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो. गवळ्याच्या म्हशीच्या दुधात त्याच्या दुपटीच्या आसपास, अर्थात त्यानं पाणी घातलं नसेल तर. म्हशीच्या दुधात हलकी पूड दबते, त्याला डस्ट किंवा कडक आसामच लागतो. मावशीच्या चहाचं कोडं बरंचसं इथं सुटतं. गवळी बदलला की पूड बदलावी लागते, आणि आपण नेमका त्याच महिन्यात दुकानदाराशी भांडत असतो.

*इशारा:* एका मगात साय पडली आणि दुसऱ्यात नाही, तर सायीचा मग जिंकणार. गाळून घाला.

टप्पा ८: तिसरी फेरी, रोजची पद्धत

आता चारांपैकी दोनच ठेवा आणि घरी करता तसा उकळून चहा करा. इथं मात्र प्रत्येक पुडीला तिच्या स्वभावाप्रमाणं वागवायचं. दोन कपांसाठी माझं सुरुवातीचं माप २०० मिली पाणी आणि १२० मिली दूध, बाकी असं:

*दाणेदार सीटीसी:* ५ ग्रॅम. पाणी खळखळल्यावर पूड, मंद आचेवर २ मिनिटं, मग आधीच तापवलेलं दूध, एक चांगली उकळी, झाकून १ मिनिट, गाळा.

*डस्ट:* ४ ग्रॅम. पूड टाकल्यावर एखादाच मिनिट, दूध, उकळी, लगेच गाळा. झाकून ठेवायची नाही. गाळणी बारीक हवी. कापडी गाळणी असेल तर उत्तम, नाहीतर कपाच्या तळाला गाळ बसतो. डस्ट कडू लागते अशी तक्रार करणारे तिला दाणेदार पुडीएवढंच शिजवतात.

*लांब पान किंवा दार्जिलिंग:* उकळायचंच नाही. किटलीत किंवा झाकणाच्या मगात ३-४ मिनिटं, गाळा, दूध नको.

*ग्रीन टी:* उकळतं पाणी एका गार भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओता, म्हणजे ते ८० अंशांच्या आसपास येतं. २ मिनिटं पुरेत. ग्रीन टी कडू लागतो म्हणून सोडून देणाऱ्या बहुतेकांनी त्यावर खळखळतं पाणी ओतलेलं असतं.

गार दूध ओतून परत उकळी येईपर्यंत पूड आत शिजवत ठेवणं, ही आपल्या घरांतली सगळ्यात सर्रास चूक. मधल्या चार मिनिटांत कडवटपणा उतरतो आणि वास वाफेबरोबर निघून जातो.

आल्याचा क्रम वेगळा. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, ते कच्च्या आल्यातून थेट दुधात गेलं तर दूध फाटू शकतं. आलं ठेचून गार पाण्यातच टाका, पाण्याबरोबर ३ मिनिटं उकळा, विकर निकामी होतं. मग पूड. गवती चहाची पात आल्याबरोबरच. वेलदोडा मात्र सगळ्यात शेवटी, गॅस बंद केल्यावर. तो उकळला की वास जातो आणि टरफलाचा उग्रपणा राहतो.

गुळाच्या चहाचं दूध फाटतं म्हणून रडणारे प्रत्येक गल्लीत आहेत. गुळात आम्लता आणि क्षार असतात, उकळत्या दुधात ते गेले की धोका. चहा पूर्ण तयार करा, खाली उतरवा, मिनिटभर थांबा, आणि चिरलेला गूळ कपात किंवा किटलीत घालून ढवळा. गूळ घातल्यावर पातेलं परत गॅसवर चढवायचं नाही, पाहुणे वाढले तरी. आणि पुडींची तुलना गुळात करू नका: प्रत्येक ढेपेची चव निराळी, ती चहावर चढून बसते.

*तपासून बघा:* दोन्ही चहांत साखर सारखी आहे का? वजनानं? अर्धा चमचा साखर जास्त असलेला चहा घरातल्या प्रत्येकाला 'दाट' वाटतो.

टप्पा ९: भाव काढा, मग मिश्रण

किलोचा भाव बघून स्वस्त-महाग ठरवू नका, कपाचा काढा. समजा ४०० रुपये किलोची पूड मनासारख्या कपाला अडीच ग्रॅम लागते: एक रुपया. ५६० रुपये किलोची १.८ ग्रॅमच पुरते: तोही एक रुपयाच. हा हिशेब तिसऱ्या फेरीनंतरच करता येतो, कारण त्याआधी 'मनासारखा कप' किती ग्रॅमला होतो ते माहीतच नसतं.

चारांपैकी एकही पूर्ण पसंत पडली नाही तर अजून पाकिटं आणू नका, आहेत ती मिसळा. वासाला चांगली पण दुधात दबणारी दाणेदार पूड ७ भाग आणि कडक डस्ट ३ भाग, इथून सुरुवात करा. आधी २० ग्रॅमचंच मिश्रण करा, तीन दिवस प्या, मग ८:२ किंवा ६:४. एक अडचण राहते: डब्यात डस्ट हळूहळू तळाला जाते, म्हणून मिश्रण आठवड्यापुरतंच करावं आणि चमचा घालण्याआधी डबा आडवा करून दोनदा हलवावा. आमच्याकडं सध्या म्हशीच्या दुधाला ६:४ आहे. डब्याच्या झाकणावर प्रमाण, तारीख आणि दूध कुठलं ते पट्टी चिकटवून लिहिलंय, कारण गवळ्यानं परवाच सांगितलंय की म्हैस आटायला लागलीय.